४८, ४९ आणि ३२: आपोआप फिरणाऱ्या पंपाचं प्रकरण

तक्रार अशी होती: पीसीवरचा प्रोग्राम सुरू केला की पंप कधीकधी आपोआप फिरायला लागतो. कोणी आज्ञा दिलेली नसते. पहिली खरी आज्ञा गेली की तो मुकाट्याने ताळ्यावर येतो आणि मग नीट चालतो. त्यामुळे बरेच दिवस कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण पंप रसायनाचा डोस देणारा होता. कोणी न सांगता तो मिनिटभर फिरला, तर टाकीत जायला नको तितकं रसायन जातं.

मांडणी साधी. एटीमेगा३२८पी हा आठ बिटी मायक्रोकंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी तार. मोटरचा वेग शून्य ते शंभर टक्के, तो एका बाइटच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये (सगळ्या कोडला दिसणाऱ्या मेमरीच्या जागेत) ठेवलेला. मुख्य लूप, म्हणजे सतत फिरत राहणारा मूळ कोड, दर फेरीत तोच बाइट वाचून पीडब्ल्यूएम (मोटरची वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवण्याची पद्धत) लावतो आणि बोर्डावरच्या छोट्या डिस्प्लेवर टक्केवारी दाखवतो. पीसीकडून येणाऱ्या आज्ञा तीन: ‘सेट’ आणि पुढे आकडा, ‘स्टॉप’, आणि ‘रीसेट’. तारेवर या अर्थातच इंग्रजी कॅपिटल अक्षरांत जातात. ‘सेट ४०’ म्हणजे ८३, ६९, ८४, ३२, ५२, ४८ हे सहा बाइट.

पहिला संशय गोंगाटावर गेला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. शेजारी डीसी मोटर आहे, तिचे ब्रश ठिणग्या टाकतात, सिरियलची तार तिच्या जवळून जाते. मोटरवर कपॅसिटर लावून झाले, ग्राउंड वेगळा ओढून झाला, केबल बदलून झाली. फरक शून्य.

पंप चालवणाऱ्या माणसाने मात्र एक फार उपयोगी गोष्ट केली होती. पंप आपोआप फिरला की डिस्प्लेवरचा आकडा तो वहीत टिपून ठेवायचा. त्या नोंदींत आकडे तीनच होते. सकाळी बोर्ड चालू करून प्रोग्राम लावला तर ४८. तेच दहानंतर केलं तर ४९. आणि बोर्ड आधीपासून चालू असताना नुसता प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला तर ३२.

गोंगाट इतका वक्तशीर नसतो. हे आकडे कुठून तरी ठरून येत होते. ४८ टक्के वेग कोणीही कधी मागितलेला नाही, सगळे सांगतात ४०, ५०, ७५ असे गोल आकडे. पण सिरियलवर काम करणाऱ्याला ४८ हा आकडा दुसऱ्याच नात्याने ओळखीचा असतो. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या ठरलेल्या तक्त्यात, ४८ म्हणजे ‘०’ हे अक्षर, ४९ म्हणजे ‘१’, आणि ३२ म्हणजे मोकळी जागा. वेगाच्या व्हेरिएबलमध्ये वेग नव्हताच. तिथे कुठल्या तरी ओळीतलं एक अक्षर येऊन बसलं होतं.

इथून पुढे ‘बिघाड कुठे आहे’ हा प्रश्न उरत नाही. ती ओळ कोणती आणि ते अक्षर तिथवर कसं पोचलं, एवढंच शोधायचं राहतं.

ओळ शोधण्यासाठी लॉजिक ॲनलायझर (तारेवरचे बिट टिपून दाखवणारं उपकरण) थेट मायक्रोकंट्रोलरच्या रिसीव्ह पिनवर लावला. अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार असतो इंटरप्टमध्येच (बाइट आला की मुख्य लूप थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) एक प्रिंट टाकून आलेला बाइट परत पाठवून बघायचा. ९६०० बॉडवर एक बाइट म्हणजे स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट, साधारण १.०४ मिलिसेकंद. आलेल्या प्रत्येक बाइटसाठी दोन अंक आणि एक मोकळी जागा छापायची तर तीन मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात आणखी तीन बाइट दारात उभे. या चिपच्या हार्डवेअरमध्ये दोन बाइटांची रांग आणि शिफ्ट रजिस्टर एवढीच जागा आहे. म्हणजे थोड्याच बाइटांत ओव्हररन होतो, म्हणजे जागा न उरल्याने अक्षरं गळतात, आणि आपण स्वतःच तयार केलेला बिघाड शोधत बसतो. ॲनलायझर नसेल तर आलेले बाइट एका मोठ्या ॲरेमध्ये (सलग घरांच्या यादीत) साठवून ओळ संपल्यावर सावकाश छापावेत. तेही अक्षरं म्हणून नाही, आकडे म्हणून. कारण या प्रकरणातले निम्मे गुन्हेगार पडद्यावर दिसतच नाहीत.

ॲनलायझरवर दिसलं ते असं. प्रोग्राम उघडताच तो एक ओळ पाठवत होता: ‘टाइम’, मग मोकळी जागा, मग तारीख दहा अक्षरांत, मग मोकळी जागा, मग तास, मिनिटं, सेकंद. ओळीच्या शेवटी १३ आणि १०, म्हणजे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. पीसीवरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तेव्हा ही ओळ त्यात घातली होती, कारण नव्या बोर्डांना घड्याळ आहे. या जुन्या बोर्डाला ती आज्ञा माहीतच नाही. तो ‘अनोळखी आज्ञा’ असं उत्तर देतो आणि प्रोग्राम ते उत्तर वाचतही नाही.

आता मोजून बघा. ‘टाइम’ची इंग्रजी अक्षरं चार, एक मोकळी जागा, तारखेची दहा, आणखी एक मोकळी जागा. झाली सोळा. सतरावं अक्षर म्हणजे तासाचा दशकाचा अंक. सकाळी दहाच्या आत तो ‘०’, दहानंतर ‘१’. रात्री आठनंतर कोणी प्रोग्राम लावला असता, तर वहीत ५० हा आकडाही दिसला असता, आणि तो मात्र कोणाला खटकला नसता.

आता सोळाचं कारण. मॅप फाइल, म्हणजे कुठला व्हेरिएबल मेमरीत कुठे बसला याची यादी, उघडली. लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम) ही फाइल प्रत्येक बिल्डच्या वेळी देऊ शकतो, पण ती उघडून बघणारे थोडे. एव्हीआरच्या (या चिपच्या घराण्याच्या) मॅप फाइलमध्ये रॅमचे पत्ते एका मोठ्या ठरावीक आकड्याने सरकवून छापलेले असतात, तो वजा करून दशमानात मांडलं तर चित्र असं होतं: ३०० ते ३१५ हा ओळीचा बफर, म्हणजे आलेली ओळ साठवण्याची जागा, सोळा बाइटांचा. ३१६ वर वेगाचा बाइट. ३१७ ते ३३२ सेन्सरच्या सरासरीसाठी सोळा वाचनांचा ॲरे.

आणि इंटरप्टमधला कोड, मराठीत उतरवला तर, एवढाच:

जर बाइट == १३ : बफर[क्रम] = ०; तयार = १; क्रम = ०;
नाहीतर : बफर[क्रम++] = बाइट;

क्रम सोळाच्या पुढे गेला तर काय, याची विचारणा कुठेच नाही. सी भाषेत ॲरे स्वतःची लांबी तपासत नाही आणि या चिपमध्ये मेमरीचं रक्षण करणारं काही हार्डवेअरही नाही. सतरावा बाइट निमूटपणे ३१६ वर लिहिला जातो. त्यापुढचे बाइट सरासरीच्या ॲरेमध्ये सांडतात, पण तो ॲरे पुढच्याच फेरीत नव्या वाचनांनी भरून निघतो, म्हणून तिथलं नुकसान कोणाला दिसत नाही. ग्लोबल व्हेरिएबल मेमरीत कुठल्या क्रमाने लागतील याची भाषा हमी देत नाही. कोणी मधे एखादा नवा व्हेरिएबल घातला असता तर कदाचित वेग सुरक्षित राहिला असता, बिघाड दुसऱ्याच कुठल्या बाइटवर गेला असता आणि सगळ्यांनी ‘गेलं बाबा एकदाचं’ म्हटलं असतं.

४८ आणि ४९ सुटले. ३२ राहिला, आणि प्रकरणाचा सगळ्यात रंजक भाग तोच आहे.

सतराव्या जागी मोकळी जागा यायची असेल तर सगळी ओळ एका घराने पुढे सरकलेली हवी. म्हणजे ओळीच्या आधी एक जादा बाइट हवा. तो बाइट आधीच्या ओळीचा १०. कोड ओळ संपल्याचं १३ वर ठरवतो आणि क्रम शून्यावर आणतो. मिलिसेकंदाने १० येतो, तो १३ नाही, म्हणून नव्या ओळीचं पहिलं अक्षर म्हणून बफरमध्ये जाऊन बसतो. बोर्ड नुकताच चालू केलेला असेल तर असा शिळा १० नसतो. बोर्ड आधीपासून चालू असेल तर मागच्या सत्रातल्या शेवटच्या आज्ञेचा १० बफरमध्ये वाट बघत असतो. (काही बोर्डांवर पीसीने पोर्ट उघडला की रीसेट होण्याची सोय असते. इथे ती नव्हती. असती तर ३२ कधीच दिसला नसता.)

पण मग प्रश्न उभा राहतो. प्रत्येक आज्ञेच्या आधी जर १० चिकटत होता, तर ‘सेट ४०’ ओळखू तरी कशी येत होती? याचं उत्तर कोडमधल्या जुन्या दुरुस्त्यांच्या खुणांमध्ये मिळालं.

पहिली दुरुस्ती अगदी सुरुवातीच्या काळातली, जेव्हा आज्ञा टर्मिनलवर हाताने टाइप व्हायच्या. तेव्हा १३ आल्यावर बफरमध्ये ‘ओळ इथे संपली’ असं सांगणारं शून्य लिहिलंच जात नव्हतं. ग्लोबल ॲरे सुरुवातीला शून्यांनी भरलेला असतो, म्हणून पहिली आज्ञा नेहमी बरोबर वाचली जायची. मग ‘सेट ४०’ नंतर ‘सेट ५’ दिलं की नव्या पाच बाइटांनी जुन्या पहिल्या पाच बाइटांची जागा घ्यायची आणि सहावा, जुन्या ४० मधला ‘०’, तिथेच राहायचा. वाचताना ती ओळ ‘सेट ५०’ होते. पंप हळू कर म्हटलं की तो दहापट वेगाने फिरणार. उलट ‘सेट १००’ नंतर ‘सेट ४०’ दिलं की ते ४०० व्हायचं आणि मर्यादेबाहेर म्हणून नाकारलं जायचं. चाचणीत सगळे दोन अंकी आकडे वापरत होते, त्यामुळे हे बरेच दिवस उघड झालं नाही. शेवटी शून्य बाइट लिहिण्याची ओळ घातली गेली. ती दुरुस्ती बरोबर होती.

दुसरी दुरुस्ती मात्र दुखणं झाकणारी. टर्मिनल प्रोग्राम एंटर दाबल्यावर सहसा फक्त १३ पाठवतात, त्यामुळे हाताने टाइप करताना सगळं ठीक चालायचं. पीसीचा प्रोग्राम आला तो १३ आणि १० असे दोन्ही पाठवणारा. लगेच पहिली आज्ञा चालते आणि दुसरीपासून प्रत्येक ‘अनोळखी’, असा प्रकार सुरू झाला. तेव्हा बोर्डाने परत पाठवलेला संदेशही पुरेसा बोलका होता: ‘अनोळखी आज्ञा’ एका ओळीवर आणि ‘सेट ४०’ त्याखालच्या ओळीवर. ती ओळ मधेच का तुटली, हे कोणी विचारलं नाही. त्याऐवजी नेमकी तुलना करणारं स्ट्रकम्प काढून तिथे स्ट्रस्ट्र घातलं गेलं. स्ट्रस्ट्र ओळीत कुठेही ते अक्षरगट सापडले की खूश. पुढचा १० त्याला दिसतही नाही. काम चाललं, तक्रार बंद झाली, १० मात्र बफरमध्ये रोज येत राहिला.

स्ट्रस्ट्रने आणखी एक सापळा लावून ठेवला होता. ‘रीसेट’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘सेट’ची तिन्ही अक्षरं जशीच्या तशी आहेत. कोडमध्ये ‘सेट’ची तपासणी आधी होती. म्हणजे ‘रीसेट’ पाठवलं की ते ‘सेट’ म्हणून पकडलं जायचं, पुढे आकडा नाही, अक्षरांचा आकडा करणारं ए-टू-आय अशा वेळी शून्य परत देतं, आणि वेग शून्य. पंप थांबायचा, आणि सगळ्यांची समजूत अशी की रीसेट झालं.

हे सगळं उलगडत असताना ॲनलायझरवर आणखी एक गोष्ट सापडली, जी तक्रारीत नव्हती. प्रोग्राम उघडा असतानाच बोर्ड बंद करून चालू केला, तर त्यानंतरची पहिली ‘सेट’ आज्ञा तारेवरून अगदी स्वच्छ यायची आणि तरी बोर्ड कधीकधी ‘अनोळखी’ म्हणायचा. प्रोग्राम ती पुन्हा पाठवायचा, त्यामुळे वापरणाऱ्याला काही कळायचं नाही.

याचं मूळही त्या १० मध्येच. इंटरप्ट १३ वर ‘तयार’ हा झेंडा उभारतो आणि मुख्य लूप सवड मिळेल तेव्हा तोच बफर वाचतो. मधल्या काळात इंटरप्ट त्याच बफरमध्ये पुढची ओळ लिहायला मोकळा असतो. १३ नंतर १.०४ मिलिसेकंदाने १० येतो आणि बफरच्या पहिल्या घरात बसतो, जिथे अजून न वाचलेल्या ‘सेट’चं पहिलं अक्षर आहे. (एरवी त्या घरात आधीच्या ओळीचा १० असतो, म्हणून नुकसान होत नाही.) मुख्य लूपला उशीर का व्हावा? तो सेन्सरची सोळा वाचनं घेत असतो. एडीसीचं (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचं) घड्याळ १२५ किलोहर्ट्झ, एका वाचनाला तेरा ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. सोळा वाचनांना १.६६ मिलिसेकंद. वाचनं नुकतीच सुरू झालेली असताना १३ आला, तर मुख्य लूप मोकळा होण्याआधी १० येऊन पहिलं अक्षर खाऊन जातो. शिल्लक राहतं १०, ६९, ८४ आणि पुढचा आकडा. त्यात ‘सेट’ शोधून सापडणार नाही. झेंडा व्होलाटाइल होता, तेवढी काळजी घेतलेली होती. पण व्होलाटाइल म्हणजे कुलूप नव्हे. कंपायलरने प्रत्येक वेळी मेमरीतून ताजी किंमत वाचावी एवढंच ते सांगतं, बफरला हात कोणी कधी लावायचा याबद्दल ते काही बोलत नाही.

दुरुस्ती करताना बफर ३२ चा करून मोकळं व्हावं, असा एक सूर निघाला. ‘टाइम’ची ओळ त्यात मावली असती हे खरं, पण पुढची आवृत्ती आणखी लांब ओळ पाठवणार नाही याची खात्री कोण देणार? त्यापेक्षा इंटरप्टचं कामच कमी केलं. तो आता ओळ, आज्ञा, शेवट यातलं काही जाणत नाही. आधी स्टेटस रजिस्टर वाचतो, कारण डेटा रजिस्टर वाचलं की त्या बाइटचे फ्रेम एरर (स्टॉप बिट जागेवर न सापडणं) आणि ओव्हररनचे झेंडे हातातून निसटतात. मग बाइट ६४ घरांच्या रिंग बफरमध्ये, म्हणजे शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिल्यावर येणाऱ्या बफरमध्ये, टाकतो. लिहिण्याची जागा फक्त इंटरप्ट बदलतो, वाचण्याची जागा फक्त मुख्य लूप. दोन्ही क्रमांक एकेका बाइटचे ठेवले, कारण आठ बिटी चिपवर दोन बाइटांचा क्रमांक वाचताना मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हातात येतो. ६४ घरं भरायला ९६०० वर ६६ मिलिसेकंद लागतात. मुख्य लूपचा सगळ्यात मोठा खोळंबा उत्तर छापतानाचा, वीसेक अक्षरांचा, म्हणजे २१ मिलिसेकंदांच्या आसपास. पुरेशी ऐसपैस जागा आहे.

ओळ जुळवण्याचं काम मुख्य लूपमध्ये, वेगळ्या बफरमध्ये. १३ आला किंवा १० आला, दोन्ही म्हणजे शेवट. रिकामी ओळ गुपचूप सोडून द्यायची. एवढ्याने १३ एकटा, १० एकटा आणि दोन्ही मिळून, या तिन्ही पद्धती आपोआप निकालात निघतात. शून्यासाठी एक घर नेहमी राखलेलं. बफर भरला तर ओळ तिथेच कापून अर्धीच आज्ञा पाळायची नाही. ‘टाकून द्या’ असा झेंडा लावायचा, ओळीचा शेवट येईपर्यंत सगळं फेकायचं आणि ‘ओळ लांब आहे’ असं उत्तर द्यायचं. कापलेली ‘सेट १००’ ही ‘सेट १०’ म्हणून चालणं हे तर मूळ बिघाडाइतकंच वाईट. याच कारणाने ठरावीक लांबीपर्यंतच ओळ उतरवणारं स्ट्रएनसीपीवाय वापरायची सूचना मागे पडली. स्रोत लांब असला तर ते गुपचूप कापतं आणि वर शेवटचा शून्यही घालत नाही.

छापण्याजोगा नसलेला बाइट ओळीत आला तर ती ओळ नाकारायची असं ठरलं. याला एक अपवाद करावा लागला: बॅकस्पेस. हाताने टाइप करणारा माणूस चुकतो, मागे येतो, दुरुस्त करतो. पडद्यावर ‘सेट’ स्वच्छ दिसतं, पण तारेवरून चुकलेलं अक्षर, मग १२७ किंवा ८, मग बरोबर अक्षर असं सगळं गेलेलं असतं. म्हणून हे दोन बाइट आले की ओळीतलं शेवटचं अक्षर काढून टाकायचं. अर्धवट ओळीला वेळेची मर्यादा घालावी का यावरही बोलणं झालं. मी विरोध केला. टाइप करता करता विचार करायला थांबणाऱ्या माणसाची आज्ञा मधेच पुसली जाणं मला पटत नाही.

आज्ञा ओळखायला स्ट्रकम्प परत आलं, पहिला शब्द मोकळ्या जागेवर वेगळा करून. आकड्यासाठी ए-टू-आय जाऊन स्ट्रटोल आलं. ते वाचन जिथे थांबलं त्या जागेचा पत्ता (पॉइंटर) परत देतं, त्यामुळे आकडाच नव्हता, की आकडा खरोखर शून्य होता, की आकड्यामागे कचरा होता, हे तिन्ही वेगळं कळतं. शिवाय या चिपवर इंट (साध्या पूर्णांकाचा प्रकार) सोळा बिटांचा आहे. त्यात न मावणाऱ्या आकड्याचं ए-टू-आयने काय करावं हे भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही. ६५५७६ सोळा बिटांत गुंडाळला गेला तर ४० होतो आणि मर्यादेची तपासणी बिनदिक्कत पार करतो. स्ट्रटोल ३२ बिटांत वाचतं, तिथे तो ६५५७६च राहतो आणि शून्य ते शंभरच्या तपासणीत अडकतो.

ओळ जुळवणारा भाग हार्डवेअरला हात न लावणारा झाल्यामुळे त्याची चाचणी पीसीवर करता आली. तीच सी फाइल पीसीच्या कंपायलरने, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीत हद्दीबाहेर लिहिलं की पकडणारी सोय) लावून. आधी जुना कोड घातला आणि ‘टाइम’ची ओळ खिलवली. सतराव्या बाइटला प्रोग्राम थांबला, कुठल्या ॲरेच्या पुढे कितव्या ओळीतून लिहिलं हे नाव-गाव-पत्त्यासह सांगून. बोर्डावर ज्यासाठी ॲनलायझर आणि मॅप फाइल लागली ते इथे लगेच समोर आलं. नंतर नव्या कोडला शेवट नसलेले दोनशे बाइट, शून्य ते २५५ सगळे बाइट, एकमेकांना चिकटलेल्या दोन आज्ञा, नुसते १३ आणि १० यांची माळ, ‘सेट’ आणि पुढे काहीच नाही, असं सगळं देऊन पाहिलं.

‘टाइम’ची ओळ प्रोग्राम अजूनही पाठवतो. बोर्ड तिला ‘अनोळखी’ म्हणतो, आणि पीसीवरचा प्रोग्राम आता ते उत्तर वाचून जुना बोर्ड ओळखतो. एक मागणी मात्र नाकारली: बॉड ९६०० वरून ११५२०० वर नेण्याची. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ९६०० ला चूक ०.१६ टक्के पडते, ११५२०० ला दुप्पट वेगाचा बिट लावूनही २.१ टक्के, आणि दोन बाइटांमधलं अंतर ८७ मायक्रोसेकंदांवर येतं. सहा अक्षरांच्या आज्ञेसाठी एवढी घाई कशाला, असं विचारल्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.